वाकू नका, उचलू नका… मग उठायचं कसं?

आपल्या नगरपरिषदेनं आणखी एका ओपन जिमला मंजुरी दिली आहे. 'ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यासाठी' असं ठरावात लिहिलंय. उद्घाटनाला कोण येणार आणि फलकावर कोणाचा फोटो मोठा लागणार यावर खलबतंही सुरू झालीत म्हणे. बातमी मीच दिली, चार ओळींची. त्या चार ओळींत जे बसलं नाही ते इथं लिहितोय. लांबलचक आहे. चहा घेऊन बसा, आणि घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

आधी जुन्या ओपन जिमचं बघू, ती बागेतली. सात यंत्रं आहेत. गेल्या आठवड्यात दोन दिवस सकाळी सहा ते साडेसात तिथं थांबून पाहिलं. दोन यंत्रांची बेअरिंग गेलीत, एकाची सीटच नाही. उरलेल्या चारांपैकी दोनांवर शाळेतली पोरं झोके घेतात. ज्येष्ठ मंडळी येतात, पाय मागेपुढे हलवायच्या यंत्रावर उभी राहतात, पाच मिनिटं लंबकासारखे पाय हलवतात, सुनेची आणि राजकारणाची खबरबात घेतात आणि घरी जातात. गप्पांना माझी हरकत नाही, गप्पा औषधासारख्या आहेत. पण त्या पाच मिनिटांत मांडीच्या स्नायूला काम किती पडलं? यंत्र आपल्याच झोक्यानं हलतं, माणूस फक्त वर उभा असतो.

काही यंत्रांवर स्वतःच्या शरीराचं वजन ओढावं किंवा ढकलावं लागतं, ती बरी. पण त्यांचीही गोम अशी की वजन कमी-जास्त करता येत नाही. बहात्तर वर्षांच्या काकूंना ते पहिल्याच दिवशी झेपत नाही आणि धडधाकट पोराला दुसऱ्या महिन्यात त्याचं काही वाटत नाही. सगळ्यांना एकच मापाचा सदरा. लाखांत पैसे घालून आपण लोखंडाचे झोपाळे उभे करतो आणि त्याला जिम म्हणतो.

मला म्हणायचंय ते सरळ आहे. उतारवयात माणसाला वजन उचलायची गरज तरुणापेक्षा जास्त असते. पोरगा डंबेल उचलतो ते दंड दाखवायला. आजोबांना ते संडासातून कुणाला हाक न मारता उठण्यासाठी हवं. यातलं कुठलं काम जास्त गरजेचं, तुम्हीच ठरवा.

आणि आपण काय करतो? साठी उलटली की सगळं गाव एका सुरात म्हणायला लागतं, "आता वय झालं, जड उचलू नका." मुलगा म्हणतो, सून म्हणते, शेजारी म्हणतो, कंपाउंडरसुद्धा म्हणतो. भाजीची पिशवी हातातून काढून घेतली जाते. सिलेंडर सरकवायला गेल्या की ओरडा. पाण्याची कळशी नातू भरतो. हे सगळं प्रेमापोटी, शंका नाही. पण प्रेमानं का होईना, आपण त्या माणसाच्या अंगातलं बळ रोज थोडं थोडं काढून घेतो, आणि पाच वर्षांनी म्हणतो, "हल्ली फारच थकलेत हो."

स्नायूंचं गणित निर्दय असतं. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात, साठीनंतर ती गती वाढते. त्यातही आधी झिजतात ते झटकन काम करणारे तंतू. मोरीत पाय घसरला तर क्षणार्धात दुसरा पाय टाकून तोल सावरायचं काम नेमकं त्यांचं. ते गेले की माणूस पडतो. पडला की खुब्याचं हाड मोडतं, मग ऑपरेशन, मग अंथरूण, आणि अंथरुणात उरलेसुरले स्नायूही जातात. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. चांगल्या तब्येतीच्या १२ ज्येष्ठांना १० दिवस फक्त झोपवून ठेवलं. आजार काही नाही, नुसता आराम. दहा दिवसांत पायांतला सरासरी जवळपास १ किलो ऐवज गेला. आपण ज्याला आराम म्हणतो तो म्हातारपणी असा महागात पडतो.

आता दुसरी बाजू. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासचे १० जण निवडले. संस्थेत राहणारे, अशक्त. त्यांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, तेही लुटुपुटूचं नाही, चांगलं जड. नऊ जणांनी ते पूर्ण केलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आपल्याकडे पंच्याहत्तरीला स्टीलची बादली हातातून काढून प्लॅस्टिकची देतात.

ऑस्ट्रेलियातला २०१८ चा अभ्यास तर बायकांवरच होता. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ व्हायला लागलेल्या १०१ स्त्रिया. एका गटाला आठवड्यातून दोनदा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चांगलं जड वजन. दुसऱ्या गटाला घरी करायचे हलके व्यायाम. आठ महिन्यांनी जड उचलणाऱ्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता वाढली होती, हलक्या व्यायामवाल्यांची घटली होती. हाड ही जिवंत वस्तू आहे. तिच्यावर भार पडला तर ती भरते, नाही पडला तर पोकळ होते. (हा प्रयोग घरी एकट्यानं करायचा नाही. देखरेख हा त्याचा अर्धा भाग होता.)

"पण हृदयाचं काय?" हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२३ च्या निवेदनात म्हटलंय की वजनाचे व्यायाम हृदयविकार असलेल्या आणि नसलेल्या, दोघांसाठीही सुरक्षित आणि उपयोगी आहेत, अर्थात बेतानं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सगळ्या प्रौढांना सांगितलं की आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करा. ६५ च्या पुढच्यांना त्यातून सूट नाही दिलेली. उलट त्यांच्यासाठी तोल आणि ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, असं वाढवून सांगितलंय.

आता कुणीतरी खाली लिहिणारच, "मी रोज पाच किलोमीटर चालतो की." चाला, अवश्य चाला. हृदयाला, साखरेला, मनाला चालणं उत्तम. पण सपाट रस्त्यावर चालताना पायावर रोज तेवढाच भार पडतो, आणि शरीराला एकदा सवय झाली की ते त्यावर नवा स्नायू बांधत नाही. रिटायर झाल्यापासून पहाटे न चुकता चालणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत. त्यातले किती जण जमिनीवर मांडी घालून बसले तर हात न टेकता उठतात? लग्नाच्या पंगतीत बघा. पंगतच बंद झाली म्हणून लाज झाकली गेलीय, नाहीतर खुर्च्या-टेबलं कशासाठी आली ते सगळ्यांना कळलं असतं.

आणि आयाबायांना सांगितलं जातं, "तुम्हाला काय करायचाय व्यायाम, दिवसभर घरकाम करताच की!" हे वाक्य बोलणाऱ्यानं आयुष्यात घरकाम केलेलं नसतं, हे आधी नोंदवतो. जातं होतं, पाटा-वरवंटा होता, आडाचं पाणी शेंदायचं होतं, तेव्हा अंगाला भार पडत होता. ते कष्ट गेले ते चांगलंच झालं, त्यांनी कित्येकींचे मणके खाल्ले. पण आज मिक्सर फिरवून, फरशी पुसून आणि तासन् तास ओट्यापाशी उभं राहून दमणूक होते, ताकद वाढत नाही. दमणं वेगळं आणि बळकट होणं वेगळं.

माझ्याच घरचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी आईच्या कंबरेत उसण भरली. एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, पट्टा दिला आणि म्हणाले, "आजी, आता अर्धी बादलीसुद्धा उचलायची नाही. कधीच." हे 'कधीच' आईनं मनावर घेतलं. सहा महिन्यांत ती कॉटवरून उठताना माझा हात मागायला लागली. पट्टा काढायचा कधी, ते कोणी सांगितलं नव्हतं. पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक्स-रे बघून विचारलं, "हाड कुठं मोडलंय? मग पट्टा कशाला?" त्यांनी खुर्चीवरून उठबस करायला लावली, पहिल्या दिवशी पाच वेळा. आता ती दोन्ही हातांत दोन-दोन किलो घेऊन बारा वेळा करते, आणि करताना मला शिव्या घालते. त्या पहिल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. दारात पन्नास पेशंट असतात, 'उचलू नका' म्हणायला पाच सेकंद लागतात, कसं उचलायचं ते शिकवायला अर्धा तास. पण तो अर्धा तास कोणीच द्यायचा नाही असं ठरलंय का?

सरकारचं बघा. मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ साली आली. ६५ च्या पुढच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना एकदा ३००० रुपये. कशासाठी? चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कंबरेचा पट्टा, मानेचा पट्टा. ज्याला गरज आहे त्याला या वस्तू मिळाल्याच पाहिजेत, कानाचं यंत्र तर अगदी आधी. पण ही यादी पुन्हा वाचा. चष्मा आणि श्रवणयंत्र सोडलं तर उरलेलं सगळं बळ गेल्यानंतरचं सामान आहे. बळ जाऊ नये म्हणून एक पाच किलोचं डंबेल त्या यादीत नाही.

किंवा एसटी घ्या. ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. उत्तम योजना, मी तेव्हाही कौतुकानं लिहिलं होतं. पण आपल्या स्टँडवर जाऊन उभे राहा आणि गाडीची पहिली पायरी बघा. तिकीट फुकट आहे, पायरी चढायचं बळ ज्याचं त्यानं आणायचं. मागून कंडक्टर "चला आजी, उचला पाय" म्हणतो आणि कोणीतरी काखेत हात घालून वर ढकलतं.

गंमत अशी की हे सगळं आपल्या मातीला नवीन नाही. गावात तालीम होती. अजून आहे, म्हणजे इमारत आहे, आत मांडवाचं सामान आणि मंडळाचे लाउडस्पीकर ठेवलेत. कोपऱ्यात मुद्गलांची जोडी धूळ खात पडलीय. वस्ताद काय करायचा? नव्या पोराला हलका मुद्गल, तो सहज फिरायला लागला की पुढचा. आज जगभरच्या फिजिओथेरपीच्या पुस्तकांत जे 'टप्प्याटप्प्यानं भार वाढवा' म्हणून छापतात ते तालमीच्या मातीत रोज चालायचं. फक्त ते पोरांसाठी होतं, बायांना दार बंद होतं, आणि म्हाताऱ्यानं कट्ट्यावर बसून नुसतं बघायचं होतं. ते दार उघडावं एवढंच मागतोय.

आमच्या धंद्याबद्दलही बोलतो, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकतो. पेपर उघडा. गुडघ्याचं तेल, सांध्याचं चूर्ण, 'ऑपरेशनशिवाय आराम', पायांना गुदगुल्या करणारं मशीन. या जाहिरातींवर आमच्यासारख्यांचे पगार निघतात, तरी लिहितो. तेल चोळून बरं वाटतं, नाही असं नाही. पण गुडघ्याला आधार देणारी मांडी तेलानं भरत नाही. पुण्या-मुंबईची लेकरं दिवाळीला आईबापांसाठी पाय चोळायचं मशीन आणतात. त्याच्या दहाव्या हिश्शात डंबेलच्या दोन जोड्या येतील.

डंबेलही नको असतील तर एक युक्ती सांगतो. बाजारपेठेत सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आलेत. जुन्या वाण्यांकडं लोखंडी वजनं पडून आहेत, एक किलो, दोन किलो, पाच किलो. भंगाराच्या भावात मिळतात. मजबूत कापडी पिशवीत टाकली की झालं काम. किंवा एक लिटरची पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. वाळूची पिशवी शिवून घ्या, घरच्या काट्यावर तोला.

करायचं काय, तेही थोडक्यात सांगतो, म्हणजे नुसता ओरडतो असं व्हायला नको. भिंतीला टेकवलेली, न घसरणारी खुर्ची घ्या. हाताची घडी छातीवर घालून उठा-बसा, ते जमलं की हातात वजन घेऊन उठा-बसा. स्टुलावर ठेवलेली जड पिशवी, कंबर न वाकवता गुडघ्यात आणि खुब्यात दुमडून उचलायची आणि पुन्हा ठेवायची. ओट्याला हात लावून तिरके जोर. एक हात कॉटवर टेकवून दुसऱ्या हातानं पिशवी बरगडीपर्यंत ओढायची, आडातून पाणी शेंदल्यासारखी. ओटा धरून टाचा वर-खाली. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक-दोन दिवस सोडून. शेवटची दोन आवर्तनं जड गेली पाहिजेत, नाहीतर ते वजन तुमच्यासाठी नाही. बारा सहज व्हायला लागली की अर्धा किलो वाढवा. श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा.

कोणी आधी डॉक्टरला विचारायचं? रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी, छातीत दुखणाऱ्यांनी, नुकताच हार्टचा त्रास किंवा कुठलंही ऑपरेशन झालेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी, साखरेमुळे डोळ्याचा पडदा खराब झालेल्यांनी, मणक्याचं हाड पिचलेल्यांनी. पण विचारताना 'करू का?' असं विचारू नका, उत्तर 'नको' येईल. 'मला झेपेल असं कुठलं वजन, कसं उचलू?' असं विचारा. उत्तर देता येत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी मागा.

खाण्याबद्दल एकच. स्नायू हवेवर वाढत नाहीत. आयसीएमआर-एनआयएनचं २०२० चं प्रमाण किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं असं आहे, आणि वयस्कांना त्याहून थोडं जास्त लागतं असं अनेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला किमान पन्नास ग्रॅम. आपल्या ज्येष्ठांचं ताट काय असतं? सकाळी चहा-खारी, दुपारी पातळ वरण-भात, रात्री 'हलकं म्हणून' दूध-भात. त्यात आठवड्याचे दोन उपास, साबुदाण्याचे. साबुदाण्यात प्रथिनं नावालाही नसतात. अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा ग्रॅम, नसेल तर मटकी, हरभरा, सोयाबीन, ताक-दही आणि घट्ट वरण. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

आणि आज संध्याकाळी घरात एक गोष्ट करून बघा. खुर्ची, छातीवर हाताची घडी, मोबाइलवर तीस सेकंद. किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. अमेरिकेच्या सीडीसीच्या तक्त्यानुसार ७० ते ७४ वयात बायकांचे दहापेक्षा कमी आणि पुरुषांचे बारापेक्षा कमी भरले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. शेजारी कोणीतरी उभं राहा. आकडा कमेंटमध्ये टाकायची गरज नाही, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता नगरपरिषदेकडे वळतो. ठराव रद्द करा असं मी म्हणत नाही, पैसे तुमच्या-आमच्या खिशातलेच आहेत, ते ज्येष्ठांवरच खर्च व्हावेत. पण लोखंडाचे झोपाळे नकोत. तालमीची इमारत रिकामी करा. दोन दारांना कठडे लावा. आत खुर्च्या, अर्ध्या किलोपासून दहा किलोपर्यंतची वजनं, आणि आठवड्यातून तीन दिवस मानधनावर एक फिजिओथेरपिस्ट. सकाळची एक वेळ फक्त बायकांसाठी. उपजिल्हा रुग्णालयाशी बोलणी करून महिन्यातून एकदा रक्तदाब-साखर तपासणी तिथंच. ओपन जिमला जेवढा खर्च होतो त्यात हे बसतं का, ते लेखा विभागानं सांगावं. मी माहिती अधिकारात जुन्या जिमच्या देखभालीचा खर्च मागितलाय, उत्तर आलं की इथंच टाकतो.

'म्हाताऱ्यांना कशाला हे थेर' असं एका माजी सदस्यानं मला फोनवर ऐकवलं. साहेब स्वतः अडुसष्टचे आहेत आणि व्यासपीठावर चढताना दोन कार्यकर्ते लागतात. नाव लिहीत नाही, गावाला माहीत आहे.

निवेदन तयार आहे. सोमवारी सकाळी अकराला नगरपरिषदेत द्यायचंय. ज्येष्ठ नागरिक संघातल्या काही जणांनी सह्या केल्यात, महिला बचत गटांकडूनही येताहेत. ज्यांना जमेल त्यांनी या. मुख्याधिकाऱ्यांचं दालन दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट तीन महिन्यांपासून बंद आहे, तेव्हा जरा लवकर निघा.